दोनशे ग्रॅम आणि नलूचा हात

चौलला पद्माताईंच्या वाडीत सुपारीच्या सावलीत एक पत्र्याची शेड आहे. तिथे कच्च्या केळ्यांचे वेफर तळतात. तळायला कुणीही बसो, काट्यावर मात्र नलूच. पाकिटावर छापलेलं दोनशे ग्रॅम. नलू दोनशे भरायची आणि वर आणखी मूठभर टाकायची. का, म्हणून काय विचारता! तिची आई सखुबाई पेणकडच्या मिठागरातलं मीठ विकायची. पायली भरून वर शीग, म्हणजे टोकदार ढीग, चढल्याशिवाय माप झालं, असं ती मानायचीच नाही. "काठोकाठ दिलं तं त्याला देनं म्हनत न्हाईत," हे तिने लेकीला लहानपणापासून ऐकवलं, आणि लेकीने ते असं काही मनावर घेतलं की सोय नाही.

नलूचा हात मोठा, अशी अख्ख्या गावात ख्याती. रिक्षावाला दयाराम पाकीट घ्यायला आला की आधी विचारायचा, "आज काट्यावर नलूवैनीच हाय ना?" नलू "चल, मेल्या" म्हणायची, पण तो सगळा दिवस तिचा मजेत जायचा.

अशात मुंबईच्या एका मोठ्या दुकानाची ऑर्डर आली. माल तपासायला दुकानाने क्षिप्रा नावाच्या मुलीला धाडलं. तिने एकेक पाकीट काट्यावर ठेवलं. दोनशे पाच, दोनशे अठरा, दोनशे अकरा, दोनशे चोवीस! एका आईची लेकरं, पण एकाचा चेहरा दुसऱ्याशी जुळेल तर शपथ.

"मावशी, थोडं वर गेलं तर चालतं," क्षिप्रा म्हणाली. "हाताचं काम आहे, सगळी पाकिटं हुबेहूब कशी होतील? कमी भरलं तर कायदाही थोडी सूट देतो. आमच्या दुकानाला मात्र दोनशेच्या खाली नको. आणि दोनशेपाचच्या वरही नको."

"कमी दिलं तं गुन्हा, समजलं," नलू म्हणाली. "जास्त देन्याचा कसला गुन्हा गो बाय?"

"पाकीट फुगतं, तोंड नीट चिकटत नाही. तुमच्याकडची ही दमट हवा आत शिरते, वेफर मऊ पडतात आणि गिऱ्हाईक शिव्या आम्हाला घालतं."

माल परत. क्षिप्रा गेल्यावर पद्माताईंनी नलूला बाजूला घेतलं. "पुढच्या आठवड्यात ती पुन्हा येणार आहे. तेव्हाही असंच निघालं तर ऑर्डर गेली समज. नाइलाजाने मला सगुणाला काट्यावर बसवावं लागेल. तू तिच्या जागी सोलायला बस."

सोलायला! केळी सोलून बोटं काळी होतात, त्याचं नलूला काही नव्हतं. पण नलूवैनी काट्यावर नाही, म्हटल्यावर गावात तिला विचारणार कोण?

दुसऱ्या दिवशी ती दात आवळून बसली. एकशे नव्याण्णव. एक लहानसा वेफर टाकला, दोनशे एक. झालं! पाकीट उचलणार, एवढ्यात हात आपसूक परातीत गेला आणि मूठ घेऊन आला. नलूने दुसऱ्या हाताने त्याला चापट मारली. भीतीने पुढच्या पाकिटाला हात आखडता घेतला, तर एकशे शहाण्णवच! सगुणा फिदीफिदी हसत म्हणाली, "वैनी, जित्याची खोड ती. जायची न्हाय."

नलूचं डोकंच फिरलं. पुढच्या पाकिटाला पुन्हा मूठ वर आली, तशी तिने ती रागारागाने शेजारच्या रिकाम्या टोपात आपटली. आणि थबकली. हात शांत झाला होता. त्याला द्यायचं होतं, दिलं. टोपात का होईना! तिने पुढचं पाकीट भरलं. दोनशे दोन, आणि वरची मूठ टोपात. मग हात असा चालायला लागला की सगुणाचं हसणं आपोआप बंद पडलं.

क्षिप्रा आली ती नेमकी माल भरायच्या दिवशी. तिने मधूनच कुठलीही पाकिटं उचलली. दोनशे एक, दोनशे तीन, दोनशे दोन, दोनशे चार. "वा, मावशी!" म्हणाली आणि माल पास करून गेली. नलूला हुश्श झालं.

पद्माताई तोंडभर हसत तिच्याकडे वळल्या आणि टोपाकडे बघतच राहिल्या. टोप ओसंडून वाहत होता.

"नलू, हे काय गं?"

"आजचं वरचं हाय, ताई. मी रोज पाकिटांत टाकायची ते." नलू बोलून गेली आणि टोपाकडे बघू लागली. एका दिवसाचं एवढं? आणि इतकी वर्षं? सखुबाई शीग चढवायची ती स्वतःच्या मिठाची. आणि हिने केळी ताईंची, तेल ताईंचं, अन् नाव मात्र नलूचं! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

"ताई, मी तुमचं वाटत बसले," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "अन् लोकांनी चांगलं मला म्हटलं."

पद्माताईंनी टोपातला एक वेफर तोंडात टाकला. बाहेर फाटकाशी दयारामच्या रिक्षाचा भोंगा वाजला. नलूने टोपाकडे पाहिलं, मग ताईंकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने विचारलं, "देऊ का, ताई?"

"दे की. पण सांगून दे, कुणाचे ते."

नलूने पदराने डोळे टिपले, टोप कमरेवर घेतला आणि फाटकापर्यंत जायचीही वाट न बघता तिथूनच ओरडली, "दयाराम, हात धू रे! पद्माताई वेफर देतायत!"