दाबून धरलेली थरथर

वडिलांच्या जुन्या मोटरसायकलचं हँडल चाळीसच्या वेगाला थरथरायचं. एकदा मी पडलेही. पुन्हा पडले तर गाडी विकायची, असं ठरवलं होतं. गॅरेजवाल्या सलीमभाईंनी स्वस्तात भंगारातल्या स्कूटरचा धक्के शोषणारा शॉकअप हँडलखाली आडवा बसवला.

"ताई, थरथर जाणार नाही. हा ती फक्त दाबून धरील."

"धरू दे. मला पडायचं नाही."

माळावरच्या रस्त्यावर चाळीस गाठले. हँडल स्थिर होतं, पण आतून काहीतरी तळव्यांना ढकलत होतं. शेवटच्या वर्षी वडिलांचे हात कापायचे. मनगट धरून मी चहा पाजायचे, तेव्हा हाताला असंच जाणवायचं.

गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. ढकलणं चालूच होतं.

एक कप चहा संपवायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ मी हँडल सोडलं नाही.