बाप्तिस्म्याच्या हौदातलं गरम पाणी

भूत, देव, चमत्कार... माझा कशावरच विश्वास नाही. सासूबाई दृष्ट काढायच्या तेव्हाही मी भांडायचे, की मिरच्या जाळून आम्हाला ठसका कशाला देता! तरी हे सांगतेच. हसायचं तर खुशाल हसा.

ऐंशी सालाच्या आसपासची थंडी. महाडबाहेर, नाते गावाच्या रस्त्याला आमची कॉलनी आणि शेजारीच बाप्टिस्ट चर्च — म्हणजे पत्र्याचा एक हॉल. त्यांच्यात बाप्तिस्म्याला अख्खा माणूस पाण्यात बुडवतात. त्यासाठी आत सिमेंटचा हौद.

त्या रविवारी दगडूकाकांचा बाप्तिस्मा होता. काका पोलादपूरकडचे, वय झालेलं, त्यात दमा. त्यांची मुलगी सुमन नर्स. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं तिने हौदात कोपर घातलं आणि किंचाळलीच, "नुसता बर्फ! मी बाबांना यात उतरू देणार नाही."

"मग तांब्याभर ओता की डोक्यावर," मी म्हटलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने पदर सावरला.

काका हट्टाला पेटले. "आज नाय तर कवा गो? माजा काय भरवसा हाय?" आणि रडायलाच लागले हो! मला अगदी गलबलून आलं.

मग काय, अख्ख्या कॉलनीने बंब पेटवले. आम्ही आणि शेजारच्या बौद्धवाडीतल्या बायका, सगळ्यांनी हंडे ओतले... हौद ढिम्म! सुमनचं कोपर पुन्हा आत, पुन्हा मान नाही म्हणून हलली. लाकडंही संपली. पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा रद्द केला आणि सगळे अंगणात चहाला आले. हॉलला एकच दार. त्याच दारात मी खुर्ची टाकून बसले होते.

चहा झाल्यावर माझा हंडा आणायला आत गेले, तर हौदातून वाफा! आणि वास... सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडाला येतो ना, तसा गंधकाचा. मी बोंबच ठोकली.

सुमनने कोपर घातलं. "काकू, काय केलंत तुम्ही?"

"मी? मी चहा प्यायले!"

काकांना बुडवलं, वर काढलं. आता दम लागतो की काय...

काका म्हणाले, "सायेब, आनखी एकदा बुडवा. पाठ मोकली झाली."

सुमन रडता रडता हसत सुटली.

सवचे झरे तिथून चांगलेच लांब. हौदाला चीर नाही, मी स्वतः उतरून बघितलं. पाळकसाहेबांना विचारलं, तर ते नुसतं वर बोट दाखवायचे. मला ते पटत नाही, आणि दुसरं काही सुचत नाही याचाच संताप येतो. पुढे त्या हौदात कितीतरी जण बुडाले... सगळे कुडकुडतच वर आले.