खुर्चीत बसलेला दातांचा इतिहास

जुन्नरला दवाखाना टाकून बरीच वर्षं झाली. मान कामातून गेली, किस्से मात्र साठतच चाललेत. कॉलेजात दातांच्या उपचारांचा इतिहास आम्ही एका दुपारी उरकला होता. तो संपलेला नाही, हे इथं पेशंट रोज दाखवून देतात!

*

आणे गावच्या एक आजी. दाढ किडलेली, रूट कॅनाल करायचं होतं. "आदी किडा दाखवा," म्हणाल्या. किडा दात खातो, असं प्राचीन बाबिलोनच्या लोकांनी मातीच्या विटांवर लिहून ठेवलंय. आजींचंही तेच मत! किडा वगैरे काही नसतो, हे मी घसा बसेपर्यंत समजावलं. मग बारीक सुईनं दाढेतली नस बाहेर काढली. ओली, दोऱ्यासारखी.

आजींनी चष्मा सरसावला. "मंग ह्यो कोण?"



*

अवसरीची एक आई मुलीला घेऊन आली. मुलीचा पुढचा दात तिरपा. मी तारा सुचवल्या.

"रोज अंगठ्यानं दाबला तर व्हईल की सरळ," आई म्हणाली.

मला हौस भारी! म्हटलं, "ताई, दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये एकानं अगदी हेच लिहिलंय. दात बोटानं ढकलत राहा म्हणून."

आई मुलीकडं वळली. "ऐकलंस? ऊठ!"

इतिहास सांगून मॅडम पेशंट घालवतात, असं आमची मदतनीस मंगल म्हणते. खरंच आहे तिचं.

*

घाटघरचे एक बाबा. खालच्या पुढच्या दाताला पू झालेला, हनुवटी सुजलेली. आणि तो दात शेजारच्या दातांना सोन्याच्या तारेनं बांधलेला! फार पूर्वी हलणारे दात असे बांधायचे, पण मी ते फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलं होतं.

"हालाया लागला तवा बायकोनं नथ मोडली," बाबा म्हणाले. "सोनाराकडनं तार वढून आणली अन् सवताच्या हातानं बांदली. आता ती न्हाई."

दात काढायलाच हवा होता. बाबा तोंड उघडेनात. पू पसरेल, जिवावर बेतेल, सगळं सांगून झालं. मी थकले, आणि मला वाईटही वाटत होतं. सूज गळ्याकडं उतरायला लागली, तेव्हा कुठं ते तयार झाले.

दात काढला. तार धुऊन, पुडीत बांधून त्यांच्या हातात दिली. जखम भरल्यावर त्या जागी नवा दात बसवला, अगदी पक्का. मंगलनं आरसा पुढं धरला. बाबांनी तिकडं न बघताच खिशातून पुडी काढली.

"बांदा."

"अहो बाबा, हा दात आता हलणार नाही."

"म्हाईतंय मला," ते म्हणाले. "तरी बांदा."