गोबरगॅसवरचा चहा

शेणाचा गॅस जाळा, लाकूड वाचवा, हवामान वाचवा, असं हल्ली कुणी सांगू लागलं की मला माझे थोरले बंधू आठवतात आणि डोकं तापतं.

नव्वद सालानंतर वारूळवाडीत मी घरामागे गोबरगॅस बांधला. गवंड्याशी घासाघीस केली, वीट न् वीट वाजवून घेतली. संडास जोडला तर अनुदान जास्त होतं. मिळतंय ते सोडणारा मी नव्हे. जोडला. निळी ज्योत पेटली, बायकोचे डोळे चुलीच्या धुरातून सुटले, बांधावरची बाभूळ सरपणाला न जाता उभी राहिली.

दादा भिंतीपलीकडेच राहत. त्यांनी भावकीत सांगितलं, "त्याच्याकडं चा पिऊ नका. संडासाचा गॅस हाय त्यो."

मी भिंतीवरून ओरडलो, "दादा, तुमच्या कोबीला सोनखत चालतं, अन् माझा चा चालत न्हाई व्हय?"

"कोबी आमी धुऊन खातो."

तेव्हापासून भावकी माझ्याकडे फक्त पाणी प्यायची. दिवाळीचा फराळ दादा ठेवून घेत. माझ्या करंज्या त्यांच्या म्हशीला फार आवडतात, हे मला पुढे कळलं.

मग एका यात्रेला त्यांच्याकडे व्याही जेवायला आले आणि अर्ध्या मटणात सिलिंडर संपला. सिलिंडर आल्या आल्या त्यांनी चूल मोडून फरशी बसवली होती. दादा पातेलं घेऊन माझ्या मागच्या दारी उभे.

"एवढं शिजवून घेऊ दे रं."

"घ्या की. आदी चा."

"पावणं खोळंबलेत."

"मग लवकर प्या."

"अर्धा कप देतो का?"

"पुरा. अन् पुढं वट्यावर, व्याह्यांच्या देखत."

"हितंच पितो."

"मग उचला पातेलं."

दादांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओट्यावर जाऊन बसले. डोळे मिटून सगळा कप संपवला. मी सगळ्या आळीकडे बघत उभा होतो. मटण छान शिजलं. व्याह्यांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून भावकी माझ्याकडे चहाला येऊ लागली. प्रत्येक जण आत येतानाच म्हणे, "साखर जरा जास्त टाका, भाऊ."

दादांनी गावभर सांगितलं होतं, "गॅस चांगला हाय राव. पण साखरंला हात लई आखडता."