वैजूच्या झाडाचं पान

केतकी, माझी नात, दहावी होऊन पुण्याला शिकायला गेली, त्या वर्षीचा श्रावण. दुपारचं जेवण झालंय. मी पुढच्या खोलीत सतरंजीवर आडवी झालेय. शेजारी पाटावर स्नेक प्लांटचं एक पान ठेवलंय, हातभर लांब, सापाच्या अंगासारखे पट्टे असलेलं. सकाळी नुसता हात लावला तर कुंडीतून निघून आलं. बुडखा काळा, मऊ, वास मारणारा. कुंडीत आता एकच पान उरलंय, तेही कललेलं. गणपतीला केतकी येईल. आईचं झाड कुठंय, म्हणून विचारेल.

पंखा फिरतोय. त्याचा आवाज हळूहळू पाण्यासारखा होतो.

खोलीत घोट्याएवढं पाणी आहे. भिंती नाहीत, माझ्या माहेरच्या नदीचा घाट आहे आणि पायरीपायरीवर आमच्याच कुंड्या. वैजयंती, माझी सून, साडी वर खोचून एकेक कुंडी वरच्या पायरीवर नेऊन ठेवतेय. ती गेली आहे हे मला ठाऊक आहे. तिलाही ठाऊक असावं.

"आई, पाणी किती घालता याला?"

"एकच तांब्या. अंघोळ झाली की."

"रोज?"

"तुळशीला घालते, मग त्यालाही."

ती हसते. महिनाभर याच्याकडे बघूसुद्धा नका, असं सांगून मी दमले, म्हणते. याला सांभाळायचं म्हणजे विसरायचं, तेवढंही तुम्हाला जमेना.

मी पायरीवर टेकते. मग बोलते.

"दवाखान्यात तू पाणी मागत होतीस, वैजू. द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं. मी तांब्या घेऊन नुसती बसून राहिले."

ती हातातली कुंडी खाली ठेवते.

"ते मला पोचलं, आई. आता झाडाला पुरे."

घाट नाही. आमचा ओटा आहे, त्यावर परातीत पीठ पसरलेलं. याच पिठात बोट धरून तिनं मला साठीनंतर अक्षरं शिकवली. पहिलं तिच्या नावातलं, व. आता परातीशेजारी तिनं पान आडवं ठेवलंय. सडलेलं टाकायचं, चांगल्याचे चार-चार बोटांचे तुकडे करायचे, चार दिवस सावलीत सुकू द्यायचे आणि मग वाळू मिसळलेल्या मातीत खोचायचे, असं ती सांगते. पण तुकडे तर दोन्हीकडून सारखेच दिसणार.

"उलटा लागला तर?"

"मुळं धरणार नाही."

"मग ओळखू कसं?"

"कापायच्या आधी अक्षर काढा. डोक्यावरची रेघ जिकडे, ती वरची बाजू."

"गणपतीपर्यंत उगवेल?"

"छे. याला कसली घाई नसते. केतकीला सांगा, लावलंय म्हणून."

जाग येते तेव्हा ऊन पाटापर्यंत आलंय. पान तिथंच आहे. त्यावर नखानं कोरलेले चार व, एकाखाली एक. प्रत्येकाची रेघ शेंड्याकडे. माझ्या अंगठ्याच्या नखात हिरवं अडकलंय.

मी उठून विळी घेते.

वैजयंती, माझी सून, केतकीच्या दहावीच्या परीक्षेआधी, किंक्रांतीच्या दिवशी गेली. ती चव्वेचाळीस वर्षांची होती.