बांगड्याचे काटे आणि वाशीचा जर्मन क्लास

वाशीच्या एका जर्मन क्लासने सकिनाला फसवलं. चुकून नव्हे, समजून उमजून. हे आधीच सांगते, कारण पुढे मी बांगड्यांचं आणि डोंगरांचं लिहीन, तेव्हा माझा राग शांत झाला असं कुणी समजू नये.

सकिना उरणजवळच्या गावातली. खारघरच्या एका रुग्णालयात नर्स आहे. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात तिला नोकरी मिळाली, अट एकच, भाषेची परीक्षा. मी महाप्याला कंपन्यांचे गणवेश शिवून देते. माझी मुलगी तिकडे असते, थंडीत तिचं बाळंतपण करायला जायचंय. दुकानात मुक्यासारखं उभं राहून मागेल ती किंमत मोजायची, हे माझ्याच्याने होणार नाही, म्हणून पन्नाशीनंतर मी क्लास लावला. आम्ही दोघी एका बाकावर आलो आणि मैत्रिणी झालो.

क्लासने 'संभाषण' म्हणून काय शिकवलं? एक पान. नाव, गाव, घरातली माणसं, छंद. सगळ्यांना तेच पान पाठ. त्यात एक ओळ, "इश श्विमं गेर्न" (मला पोहायला आवडतं). परीक्षेत सकिनाने ती धडाधड म्हटली. परीक्षक बाईंनी विचारलं, कुठे पोहतेस? कुणाबरोबर? सकिनाचा जन्म खाडीकाठचा, पण तिला पोहता येत नाही, आणि खोटंही बोलता येत नाही. ती गप्प. तिच्या आधीच्या दोघीही त्याच क्लासच्या, त्यांनाही पोहायलाच आवडत होतं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

सकिना नापास झाली. वृद्धाश्रमाने जागा तीन महिने राखून ठेवायचं कबूल केलं, वर एक दिवसही नाही. क्लासचे सर म्हणाले, "घाबरलीस तू. पान नीट पाठ कर."

मी तिला म्हटलं, "ते पान घरी ठेव आणि रविवारी माझ्याबरोबर चल."

तर त्या रविवारी सकाळी आम्ही नावड्याहून निघालो. नियम मी घातला. आपापसात आणि भाव करताना फक्त जर्मन, जिच्या तोंडून मराठी निघेल तिने बाजाराची पिशवी उचलायची. पेंधरला मेट्रो धरली. तळोज्याच्या कारखान्यांची धुराडी मागे पडली, मग उजाड माळ, मग खारघरचे मनोरे आणि त्यांच्यामागे डोंगर.

"डा इस्ट आइन बेर्ग" (तिथे डोंगर आहे), सकिना म्हणाली.

"ग्रोस?" (मोठा?)

"नाइन. क्लाइन." (नाही. लहान.)

समोरचे गृहस्थ बराच वेळ ऐकत होते. "मॅडम, तुम्ही कुठल्या?"

"नावड्याच्या."

त्यांची फार निराशा झाली.

बेलापूरला उतरून रिक्षाने दिवाळे गावातल्या मासळी बाजारात गेलो. ओल्या फरशीवर टोपल्या मांडलेल्या, बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं. एका मावशीपुढे बांगडे चमकत होते. मी एक उचलला.

"फ्रिश?" (ताजा?)

सकिनाने वाकून त्याच्या डोळ्यावर बोट ठेवलं. "दास आउगं इस्ट ट्र्यूब" (डोळा गढूळ आहे).

मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. "कंची भासा हाय गो ही?"

"जर्मन."

"जर्मन बोल नायतर काय बोल. बोट डोल्यावर ठेवलास ना, मना कल्ला (मला कळलं). सकालचा मावरा (मासळी) हाय, डोला बघू नको, कल्ला उघडून बघ."

सकिनाने कल्ला उघडला. लालभडक. "रोट!" (लाल!) ती ओरडली, आणि आम्ही तिघीही हसलो. वर्षभरात क्लासमध्ये तिचा आवाज कधी एवढा निघाला नव्हता.

मग भाव. मावशीने सांगितला तो ऐकून मी "त्सू टॉयर" (फार महाग) म्हटलं, पुढे शब्दच नाहीत. क्लासच्या पुस्तकात गिऱ्हाईक किंमत विचारतं, आभार मानतं आणि पैसे देतं. अशी गिऱ्हाइकं मी जन्मात पाहिली नाहीत. मावशीच्या तिसऱ्या वाक्याला माझा संयम सुटला. "मावशी, हा काय भाव झाला? मी काय आज आलेय का बाजारात?"

"आता कशी मराठीत आलीस!" मावशी म्हणाली. भाव उतरला, पण पिशवी माझ्या हातात आली.

तिथून बसने महाप्याला. मोठी ऑर्डर होती, म्हणून रविवार असूनही माझा कारखाना अर्धा दिवस चालू होता. पिशवी बर्फाच्या डब्यात घातली आणि आमचे कटिंग मास्तर, रमाकांतकाका, यांना पेशंट म्हणून खुर्चीत बसवलं.

"वो टूट एस वे?" (कुठे दुखतंय?) सकिनाने कण्हण्याची नक्कल करत विचारलं.

"कुठं नाही ते विचार, पोरी."

ती त्यांच्या गुडघ्याला, मानेला, पाठीला हात लावून जर्मनमध्ये नावं घेत गेली. उठताना त्यांना आधार देत म्हणाली, "लांगझाम, बिटं" (सावकाश हं). काका उठले आणि म्हणाले, "काय बोलली ते कळलं नाही. पण हिच्याकडून मी इंजेक्शन घेईन."

दुपारी नावड्याला माझ्या स्वयंपाकघरात तिने बांगडे साफ केले. धुते, कापते, हळद लावते, सगळं जर्मनमध्ये, शब्दांचं लिंग चुकवत, क्रियापद विसरत. वृद्धाश्रमातल्या आजोबांना मासा कसा भरवशील, मी विचारलं. ती एकेक काटा ताटाच्या कडेला काढत सांगू लागली आणि जेवण गार होईपर्यंत थांबली नाही.

असे आठ रविवार झाले. दुसऱ्यांदा परीक्षेला बसली तेव्हा बाईंनी विचारलं, सुट्टीच्या दिवशी काय करतेस? सकिनाने त्यांना बांगडा कसा ओळखावा इथपासून काट्यांपर्यंत सगळं सांगितलं. चुका झाल्या. पण बाईंनी पेन खाली ठेवलं नाही.

ती उत्तीर्ण झाली. निकाल क्लासलाही कळला होता; आठवड्याने प्रमाणपत्र घेऊन आम्ही मुंबईहून परत येत होतो. पेढे घ्यायला वाशीला उतरलो, आणि क्लासच्या इमारतीवर पाहिलं तर दोन मजली फलक. सकिनाचा फोटो, तोही प्रवेशअर्जावरचा, तिला न विचारता लावलेला. खाली अक्षरं, "आमच्या संभाषण पद्धतीचं यश". त्याखाली चार मुली अर्ज भरत उभ्या होत्या. एकीने वर बघून मैत्रिणीला म्हटलं, "हिला जमलं, म्हणजे आपल्यालाही जमेल."

"जाऊ दे ना ताई," सकिना म्हणाली. "मला जायला मिळतंय ना."

नाही जाऊ देणार. मी जिने चढून वर गेले. सर म्हणाले, "मॅडम, शेवटी ती आमचीच विद्यार्थिनी." मी विचारलं, "त्या खाली उभ्या मुलींना तुम्ही काय शिकवणार?" त्यांनी टेबलावरचा झेरॉक्सचा गठ्ठा उलटा ठेवला. मी तो सुलटा केला. तेच पान होतं.

घरी येताना मेट्रोत सकिना खिडकीबाहेर बघून जर्मनमध्ये बोलत होती. भाषा माणसांत फिरूनच येते, हे मी शिकले. पण त्या चार मुलींना हे कोण सांगणार? सर, वृद्धाश्रम एकदाच थांबला, प्रत्येकीसाठी थांबणार नाही. या मुली परीक्षेत गप्प राहतील त्या दिवशी त्यांच्यासमोर उभं राहून उत्तर कोण देणार? मी तुमचं नाव घेऊन विचारायला येणार आहे. उत्तर तयार ठेवा.