तोच कागद दुसऱ्यांदा

"ब्रेस्ट कॅन्सर. म्हणजे स्तनाचा कर्करोग," डॉक्टर म्हणाले, "पण बरा होण्यासारखा आहे." सोलापूरच्या त्या केबिनमध्ये पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. डोक्यात एकच, अकलूजला घरी अकरा ब्लाऊज शिवायचे पडलेत, त्यातले चार लग्नाचे.

मी शिवणकाम करते. हात रिकामे राहिले की मला करमत नाही, उगाच घरच्यांवर खेकसत बसते.

ऑपरेशन झालं. मग केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून कॅन्सरचं औषध. दर आठवड्याला एक, असे बारा डोस. सकाळची एसटी, रक्ताची तपासणी, मग रिपोर्टची वाट बघत बाकावर बसणं. बसणं कसलं, मी येरझाऱ्याच घालायचे. "अगं बस की जरा, फरशी झिजंल," आमचे हे म्हणायचे.

पाचव्या डोसनंतर बोटांना मुंग्या यायला लागल्या. एक दिवस पिवळ्या ब्लाऊजवर लाल ठिपका दिसला. सुई बोटात घुसली होती आणि मला पत्ताच नाही! घाबरले, पण कुणाला बोलले नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्या दुधनीच्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, "तरास सांगितला की डोस थांबवत्यात." औषध थांबलं तर गाठ परत येईल, हीच धास्ती.

त्याच आठवड्यात दवाखान्यात संशोधन करणारी प्रियांका नावाची मुलगी फॉर्म घेऊन आली. आजारपणात रोजचं जगणं कसं चाललंय, याचे प्रश्न. मूळ इंग्रजी, नंतर मराठीत केलेले. ते आपल्याकडच्या पेशंटला नीट कळतात का, हे तिला तपासायचं होतं. मी सगळीकडे 'अजिबात नाही'वर खूण केली. मुंग्या? अजिबात नाही. झोपेचा त्रास? अजिबात नाही. पेपर सोपा गेला म्हणून वर खूशही झाले.

पुढच्या आठवड्यात ती तोच फॉर्म घेऊन हजर. प्रश्नही तेच! मेले, पकडले गेले.

"चुकलं माझं," मी बोलूनच टाकलं, "सगळं खोटं लिवलंय मी. बोटं बधिर झाल्यात. लई भ्या वाटतंय."

ती गोंधळली. "ताई, परीक्षा तुमची नाही हो, फॉर्मची आहे. काही दिवसांनी तोच परत देतो, उत्तरं तशीच येतात का बघायला. म्हणजे फॉर्म भरवशाचा आहे का ते कळतं." मग हळूच म्हणाली, "बोटांचं डॉक्टरांना सांगितलंय का? हा कागद त्यांच्याकडे जात नाही."

"न्हाई," मी म्हटलं. तीच मला डॉक्टरांच्या दारापर्यंत घेऊन गेली.

"पेरिफेरल न्यूरोपथी, म्हणजे औषधामुळे हातापायांच्या नसा दुखावल्यात," डॉक्टर म्हणाले. "आधी का नाही बोललात? डोस कमी करू, उपचार थांबणार नाही. असंच दडवलं असतं तर बोटं कायमची बधिर राहू शकली असती." तिथंच, सगळ्यांसमोर, मला रडू फुटलं. स्वतःचा असा राग आला की काय सांगू.

माझा पहिला फॉर्म प्रियांकाला बाजूला ठेवावा लागला. तुमच्या हातात असा कागद आला तर खरं लिहा, बायांनो. आणि डॉक्टरांना सांगायला कागदाची वाट बघू नका.

डोस संपून सात महिने झाले. परवा हुक लावताना सुई बोटात गेली.

"आई गं!" मी ओरडले. हे धावत आले. "कुटं लागलं? काय झालं?"

मी बोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अहो, दुखलं!"